उसना आवाज

माझ्या नवऱ्याच्या कानातून माझा आवाज नेमका कधी गेला, ते मला सांगता येणार नाही. भांडं पडलं तर वाजतं. बायकोचा आवाज जातो तेव्हा काहीच वाजत नाही. एवढं आठवतं, की एका सकाळी मी ओट्यापाशी उभी राहून विचारलं, "अहो, चहा आत्ता टाकू का अंघोळीनंतर?" आणि हे पाटावर बसून नखं काढत राहिले. मी पुन्हा विचारलं. मग जरा चढ्या आवाजात विचारलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली ओरडली, तर यांनी मान वर केली आणि म्हणाले, "वैजू, मेथी आलीया बघ."

गल्लीच्या तोंडाची भाजीवाली ऐकू आली आणि हातभर अंतरावरची मी नाही. मला वाटलं, सोंग आहे. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. बहिरेपणाच्या सोंगाचं तरी वेगळं काय असणार? मी चहा केलाच नाही त्या दिवशी.

यांचं नाव दिनकर हावळ. नाव घ्यायला आता लाज कसली? पण उभ्या आयुष्यात यांना नावानं सोडा, 'अहो' म्हणून हाक मारायचीही कधी सोय नव्हती, कारण आम्ही दोघं इचलकरंजीत एकाच माग-कारखान्यात कामाला होतो. हे माग चालवायचे आणि मी कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची लांबट नळी. एका पत्र्याखाली साध्या मागांच्या रांगा आणि दिवसभर खडखडाट असा, की शेजारी उभ्या बाईला ओरडून सांगितलं तरी तिला फक्त तोंड हललेलं दिसायचं. म्हणून मागावरच्या माणसांची बोली हाताची आणि ओठांची. मिशीला पीळ दिला की मालक आले. आमच्या मालकांना मिशी नव्हती, पण खूण तीच. पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली आणि हनुवटी उडवली की 'जेवलीस का?' पोटावर तळवा थोपटला की 'जेवले'.

यांना बोलवायचं तर मी एक रिकामी कांडी उचलायची आणि नेम धरून पाठीवर मारायची. हे वळायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग आमचं बोलणं सुरू. "वैजू नवऱ्याला मारती," म्हणून बायका हसायच्या. पण आमची सगळी भांडणं, रुसवेफुगवे, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, भाड्याची खोली बदलायची का, हे सगळं त्या खडखडाटात ठरलं आणि एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. घरीही तीच सवय. लाइट गेली की मात्र आमचं बोलणं बंद. हळूहळू यांचे कान पार गेले, तेही आम्हाला फार उशिरा कळलं, कारण आमच्या दोघांत कानाला काही कामच नव्हतं.

मग साधे माग भंगारात गेले. कारखान्याच्या जागी कुठल्याशा कंपनीचं गोदाम झालं, तिथं माणसंच नाहीत, यंत्रंच खोकी उचलतात. निघताना मी दोन रिकाम्या कांड्या ओच्यात घालून घरी आणल्या. कशाला, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

कारखाना सुटल्यावर हे खरे बहिरे झाले. तिथं सगळेच बहिरे होते. बाहेर हे एकटे. चार माणसांत बसले की उगाच हसायचे, लोक हसतील तेव्हा. मला ते बघवायचं नाही. आधी एक साधं श्रवणयंत्र आणलं होतं, ते यांनी आठवड्यात कपाटात टाकलं. "सगळा कारखाना परत डोक्यात घातलाय," म्हणाले. खरंच होतं. ते यंत्र आवाज मोठा करायचं, पण कुकर, पंखा, रस्ता आणि माणूस या सगळ्यांचा सरसकट.

आमची ऋतुजा बंगळुरूला नोकरी करते. तिनंच 'वेचक' नावाच्या नव्या श्रवणयंत्राचं कळवलं, पैसेही तिनंच भरले. कोल्हापुरात नाझनीन मुजावर म्हणून श्रवणतज्ज्ञ आहेत, तरुण, पण बोलायला फार मायेची बाई. वाटाण्याएवढी दोन बोंडं हातात घेऊन त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. माझ्यासाठी सोपं करून.

चांगल्या कानाचा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याचं बोलणं नेमकं उचलतो. हे काम कानाचं नाही, मेंदूचं. हवेतून सगळे आवाज एकात एक गुंतून येतात, त्यातला हवा तो धागा मेंदू ओढून घेतो. कान खराब झाला की मेंदूला तो गुंता सोडवता येत नाही. वेचक ते काम करतं. लाखो तास माणसांचं बोलणं ऐकवून त्याला शिकवलेलं आहे. ते गोंगाट बाजूला काढतं आणि एकाच वेळी बोलणाऱ्या चार माणसांचे चार धागे वेगवेगळे करतं.

"पण चारांतला कुठला द्यायचा, हे त्याला कसं कळणार?" मी विचारलं.

"हीच तर गंमत आहे, काकू," नाझनीन म्हणाल्या. "आपण ज्याचं बोलणं मन लावून ऐकतो, त्याच्या आवाजाच्या चढउताराबरोबर मेंदूतल्या बारीक विजेच्या लाटा वरखाली होतात. या बोंडाच्या कडेला त्या लाटा टिपणारे ठिपके आहेत. लाट ज्या आवाजाशी जुळते तो आवाज पुढं, बाकीचे मागं. आणि ते शिकत जातं. काकांना कोणाचं ऐकायचं असतं, कोणाचं नसतं, ते त्याच्या लक्षात राहतं. पुढं पुढं विचारावंही लागत नाही."

मी तेव्हा कौतुकानं मान डोलावली. किती हुशार यंत्र!

पहिल्याच दिवशी यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "तुझा आवाज असा हाय व्हय?"

"कसा?"

"बारीक. मला वाटायचं, भरदार असंल."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि नवऱ्यानं माझा आवाज आज ऐकला. मी दिवसभर गाणं गुणगुणत होते.

नंतर तर काय विचारता. पुतण्याच्या लग्नात हे मांडवाच्या मधोमध बसून गप्पा हाणत होते. ऋतुजाचा फोन आला की बापलेक तासतास बोलायचे. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं दोघांचं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? फक्त एक झालं. कान आले तशी डोळ्यांना सुट्टी मिळाली. हे आता कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्यात साखरेमुळं डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेला, मिरजेच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनं चालू होती. समोरचं धुरकट दिसायचं, म्हणून हे खिडकीकडे तोंड करून बसायचे.

आणि मग ती मेथीची सकाळ आली.

चहावरून रुसून झालं, तेव्हा मी परीक्षाच घेतली. यांच्या पाठीमागं उभी राहून म्हणाले, "अहो, घर पेटलंय." काही नाही. "अहो, मी चालले माहेरी. कायमची." मान हलली नाही. तेवढ्यात शेजारची सरिता दारातून म्हणाली, "काका, जेवण झालं का?" तर लगेच, "झालं की. तुमचं?" यंत्र कानामागून आलं आणि तिखट झालं, असं सरिताजवळ हसून बोलले.

मी यांना कोल्हापूरला घेऊन गेले. नाझनीनबाईंनी यांना समोर बसवलं आणि माझ्या डोक्यावर मोठे हेडफोन चढवले. म्हणाल्या, "वेचक काकांना आत्ता जे ऐकवतंय, तेच तुम्हाला ऐकू येईल."

बाहेर रस्ता वाहत होता, तो गेला. पंखा गेला. नाझनीनबाईंचा आवाज देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ. "आता तुम्ही बोला काही," त्या म्हणाल्या.

मी बोलले. तोंड हललं, घसा हलला, हे मला कळलं. कानात काही आलं नाही. मी जोरात म्हणाले, "मी बोलतेय!" काही नाही. मी तिथं नव्हतेच. आपल्या माघारी घर कसं असेल, असं माणसाच्या मनात कधीतरी येतं ना? ते मी त्या खुर्चीत बसून ऐकलं.

मी हेडफोन ओढून काढले. "हे बिघडलंय."

नाझनीनबाईंनी खूप वेळ पडद्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बिघडलेलं नाही, काकू. ते स्वतःहून काही ठरवत नाही. एवढ्या महिन्यांत तुमच्या बोलण्याबरोबर काकांची लाट कधी जुळलीच नाही. म्हणून त्यानं तुमचा आवाज गर्दीत टाकला."

"म्हणजे यांना माझं ऐकायचंच नसतं?"

मी यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "बोला की! एवढी वर्षं माझं बोलणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणीच व्हतं का? तोंडदेखलं मान हलवत व्हता?"

"तसं न्हाय गं, वैजू," हे म्हणाले. चेहरा पार उतरला होता. "तसं न्हाय."

परतीची बस आपली आपण चालणारी; तिला ड्रायव्हर नव्हता, आमच्यात बोलणं नव्हतं. खिडकीबाहेर उसाची शेतं जात होती. नवरा खोटं बोलला असता तर मी भांडले असते. पण हे तर मेंदूनं सांगितलेलं, त्याच्याशी कसं भांडणार? ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. इथं मनानं ऐकलंच नव्हतं. मला स्वतःची फार कीव आली, आणि यांचा फार राग आला.

घरी आल्यावर मी मूग गिळून बसले. यांना तो फरक कळला का नाही, तेही मला कळलं नाही. ऋतुजाला सांगितलं, "मी तुझ्याकडं येते राहायला. यांना डबा लावून देते." ती रडली, समजूत घातली, शेवटी तिकीट काढते म्हणाली. मी बॅग भरायला घेतली.

त्याच आठवड्यात नाझनीनबाईंचा फोन आला. "काकू, त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण मी पुन्हा ऐकलं. तुम्ही काकांवर ओरडलात, तेव्हा वेचकनं तुमचा आवाज पूर्ण दाबला होता. त्यांच्या कानात शून्य होतं. तरी त्यांनी तुम्हाला बरोबर उत्तर कसं दिलं?"

मी हातातली साडी खाली ठेवली.

या वेळी त्यांनी आम्हाला एका संशोधन केंद्रात बोलावलं. यांच्या डोक्याला ठिपक्याठिपक्यांची टोपी घातली आणि मला समोर बसवून बोलायला सांगितलं. पडद्यावर डोक्याचं चित्र होतं. कानांजवळचा भाग काळाच राहिला. पण मी तोंड उघडलं मात्र, डोक्याचा मागचा भाग दिवाळीसारखा उजळला. मी थांबले की विझायचा, मी बोलले की उजळायचा.

"हा बघण्याचा भाग आहे," नाझनीनबाई म्हणाल्या. "काका तुम्हाला ऐकतात. पण डोळ्यांनी. मेंदूनं तुमचं सगळं काम डोळ्यांकडे सोपवलंय, कानाकडे काही ठेवलंच नाही. आणि वेचक फक्त कानाजवळचं वाचतं. मागं काय चाललंय, ते त्या बिचाऱ्याला दिसत नाही. माझं चुकलं, काकू. मी तुम्हाला तसं म्हणायला नको होतं."

मला रडू फुटलं. पहिल्या दिवशी यांनी माझा आवाज ऐकला, तेव्हाही हे माझ्याकडे टक लावून बघतच होते, ते आठवलं. टोपी घातलेले हे घाबरून विचारत होते, "काय झालं? काय निघालं?" मी खुणेनं सांगितलं, काही नाही, सगळं बरं आहे. घरी येऊन बॅग रिकामी केली.

ही गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण मिरजेच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला इंजेक्शन दिलंच नाही. म्हणाले, आता उपयोग नाही. फार तर दिवाळीपर्यंत उजेड-अंधार कळेल. मला एकच दिसत होतं. यांचे डोळे गेले की यांच्या जगातून मी जाणार. बाकी सगळे राहणार, भाजीवालीसुद्धा राहणार.

म्हणजे दृष्टी जायच्या आत यांच्या कानाला माझा आवाज शिकवायचा. नाझनीनबाईंनी माझा आवाज हातानंच पुढं ओढून ठेवला, वेचकला दाबू नको म्हणून बजावलं. आता माझा आवाज यांच्या कानात पोचत होता. पण हे म्हणायचे, "कुणीतरी बोलतंय, पण काय बोलतंय कळंना." परक्या मुलखातलं बोलणं ऐकावं तसं.

रोज दुपारी आम्ही शिकवणीला बसायचो. यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, मी पाठीमागं बसून बोलायचं. फोनच्या पडद्यावर यांच्या मेंदूतली लाट दाखवणारी हिरवी रेघ. ऋतुजानं नुसतं 'हॅलो बाबा' म्हटलं की ती रेघ नाचायची. माझ्यासाठी आडवी पडून राहायची. मी कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. मालकांच्या नसलेल्या मिशीची सांगितली. ऋतुजा झाली तेव्हा हे धावत आले आणि दवाखान्यात चपला विसरून गेले, ते सांगितलं. यांच्या कपाळावर घाम यायचा, इतका जोर लावायचे. मधेच टॉवेल सरकवून चोरून माझ्याकडे बघायचे, ते पाहून मला राग यायचा आणि हसूही यायचं.

"आवो, बगायचं न्हाई!"

"बगितल्याबिगर तू तू वाटंनास," हे म्हणायचे.

दिवाळी आली तेव्हा मी दारात पणत्या लावल्या. यांना तेही दिसलं नाही. रेघ तशीच आडवी होती.

खुणा हातात हात धरून कराव्यात, तर साखरेनं बोटांची टोकंही बधिर झालेली. तळव्यावर काय लिहिलं ते यांना उमगेना. मग एक दिवस मी ओरडत असताना यांनी तापल्या तव्यावर हात टेकवला. "तवा! आवो, तवा!" मी किंचाळले, शेजारून सरिता धावत आली, पण यांना आधी चटकाच ऐकू आला.

हाताला पट्टी बांधून कोल्हापूरला गेलो, तेव्हा नाझनीनबाई बराच वेळ पेनाशी खेळत राहिल्या. "एक उपाय आहे," शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला आवडणार नाही. वेचक तुमचे शब्द घेईल आणि ज्या आवाजाबरोबर काकांची लाट जुळते, त्या आवाजात त्यांना ऐकवेल. बोलाल तुम्हीच. आवाज फक्त दुसऱ्याचा."

"कुणाचा?"

"सगळ्यात जास्त जुळते ती ऋतुजाची. पण काकू, आधीच सांगते, यात गोंधळ होऊ शकतो."

मी नाही म्हणाले. घरी येऊन दोन दिवस नाहीच म्हणत होते. मग ऋतुजा फोनवर म्हणाली, "आई, माझाच घे की. नाहीतरी तूच दिलायस ना मला?" आणि समोर हे भाजलेला हात मांडीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी हो म्हणाले.

पहिल्यांदा बोलले ते अगदी साधंच. "अहो, चहा ठेवलाय."

हे दचकले. "ऋतू? कवा आलीस?"

"मी हाय, वैजू."

"वैजू!" यांचा चेहरा फुलला. "अगं, कळतंय की! शब्द न् शब्द कळतोय!" त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. माझ्या घशातून निघायचं आणि यांच्या कानात लेकीचं व्हायचं. मला त्याचं काही वाटलं नाही. पोचलं ना? झालं तर.

पण माणसाला आवाज आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. हिवाळा सरता सरता हे मला अधूनमधून 'ऋतू' म्हणायला लागले. मी दुरुस्त करायची. मग 'बाळ' म्हणायला लागले. फोनवर खरी ऋतुजा बोलायची तीही याच आवाजात. कोण कुठली हे यांनी कसं ओळखावं? माझ्याशी कधी बोलले नव्हते इतक्या हळुवारपणे हे त्या आवाजाशी बोलायचे. मी रागावून काही म्हटलं तर हसायचे, लेकीनं लटकं रागवावं तसं. अंघोळ घालणारा, घास भरवणारा हात मात्र माझाच, तो हात यांना ओळखू यायचा. हात वैजूचा आणि आवाज ऋतूचा. यांच्या अंधारात मी अशी दोन झाले, आणि त्यातली वैजू मुकी होती.

मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. रोज रोज 'मी ती नव्हे' हे तिच्याच आवाजात किती वेळा सांगणार?

परवा दुपारची जेवणं उरकून भांडी घासली. हे पायरीवर उन्हाला बसले होते. मी पदराला हात पुसत दारात आले आणि विचारलं, "ऊन लागत न्हाई न्हवं?"

"न्हाय बाळ. बस जरा." यांनी हातानं शेजारची फरशी चाचपली. मी बसले नाही, दारातच उभी राहिले. मग हे आवाज बारीक करून म्हणाले, "ऋतू, एक इचारू? आई रुसलीया काय गं माझ्यावर?"

"का?" एवढंच म्हणाले.

"लई दिस झालं, बोललीच न्हाय. जेवाय वाढती, औषध देती, समदं करती. पण बोलत न्हाय. आधी कशी बडबड बडबड करायची... मी बगत बसायचो नुसता." हे आंधळ्या डोळ्यांनी गल्लीकडे बघत होते. "हाय न्हवं ती घरात?"

"हाय. हितंच हाय."

"मग तिला म्हणावं, एकदा कांडी मार. म्हंजे मला कळंल."

मी आत गेले. देवाच्या फळीखालच्या डब्यात त्या दोन कांड्या होत्या. एक घेऊन आले, दारात उभी राहिले आणि नेम धरला. नेम चुकला नाही. कांडी यांच्या पाठीवर बसली आणि पायरीवरून घरंगळत खाली गेली. ती वाजली; तो आवाज वेचकनं गोंगाट म्हणून टाकून दिला असणार. पण पाठीला कळलं.

हे वळले. मागापाशी वळायचे तसेच, आधी मान, मग खांदा. चेहऱ्यावर असं हसू, की मला पत्र्याखालचा तो उकाडा आणि सुताचा वास आठवला. पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेली आणि हनुवटी उडवली.

जेवलीस का?

माझा हात आपोआप पोटावर गेला. मी तळवा थोपटला. जेवले. पुन्हा थोपटला. हे चेहरा वर करून माझ्या उत्तराची वाट बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग बोटं हळूहळू सुटली आणि हात मांडीवर आला.

"ऋतू," हे म्हणाले, "काय म्हणाली गं ती?"

"जेवली म्हणाली," मी म्हणाले.